सॅम्पलच्या बाई

प्रिय मंजू,

तुझ्या आज्जीचा लई लई आशीर्वाद. अक्षर बघून हसू नको. दुसरीतून शाळा सुटली तेव्हा हातात जेवढं होतं तेवढंच आहे, त्यात तू लहान असताना तुझ्या पाटीवर मी पण गिरवायचे, तेवढी भर पडली. तुझा अप्पा म्हणाला, अव्वा, मोबाईल लावून देतो, बोल की दोन शब्द. पण मोबाईलवर तू हल्ली 'हं' आणि 'बरं' एवढंच बोलतेस, मग रेंज जाते म्हणून ठेवून देतेस. पत्राला रेंज लागत नाही, आणि माझं म्हणणं पुरं व्हायच्या आत ते कुणी बंदही करू शकत नाही. म्हणून पत्र.

इकडं सगळं बरं आहे. सोयाबीन निघालं, त्यामुळं दुकानात गिऱ्हाईक लई आणि तुझ्या अप्पाला जेवायला फुरसत नाही. तुझी आई बरी आहे, दिवाळीसाठी घर झाडायला काढलंय आणि मला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवून राहिली, जशी मी एखादी कणगी. शेजारच्या नीलाबाईच्या सुनेला मुलगा झाला. नीलाबाई पेढे घेऊन आली आणि पेढा माझ्या हातावर ठेवता ठेवता म्हणाली, कमलम्मा, आता याच्या पोटात काय काय आहे ते तुमच्या मंजूला विचारून सांगा. टोमणाच होता तो. लातूरचा कार्यक्रम झाल्यापासून अख्ख्या गल्लीत माझ्या पोटाची चौकशी होते. पूर्वी बायका विचारायच्या, जेवण झालं का. आता विचारतात, जंतू बरे आहेत का. मी पण सांगते, हाव, बरे आहेत, तुमची आठवण काढून राहिले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुझ्या लॅबमधली शिल्पा येऊन गेली. लातूरला मावशीकडं आली होती, वाट वाकडी करून रेणापूरला उतरली. पोरगी गुणाची आहे. जेवायला बसवलं तर तीन भाकरी खाल्ल्या आणि म्हणाली, आज्जी, होस्टेलला असलं मिळत नाही. तिच्या तोंडून सगळं कळलं. तू सांगू नको म्हणून तिला बजावलं होतंस, तेही तिनं सांगितलं, म्हणून तिच्यावर रागावू नको. सुट्ट्या लागून आल्या, नांदेडला तुमच्याकडची लाईट गेली, जीव जपून ठेवायचं ते थंड कपाट बंद पडलं आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही. सुट्टी संपून आलात तर आतलं सगळं वितळून पाणी. माझ्या पोटातला तुझा तो जीव मेला. तुझ्या आईचा आणि तुझा स्वतःचा, तेही गेले. राजशेखर सर म्हणाले की कागद पुष्कळ आहेत, पण जिवंत जीव दाखवता आला पाहिजे, नाहीतर दोन वर्षांचं काम अर्धवट. तुझा आणि आईचा तू परत काढशील, पण मूळ माझं, माझ्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही, असं शिल्पा म्हणाली. आणि तू सरांना काय सांगितलंस, तर ती म्हातारी बाई आता परत द्यायला तयार नाही.

मंजू, मला कुणी विचारलंच नाही गं.

पण थांब, रागानं लिहीत नाही. मला हे सगळं पहिल्यापासून आठवून बघायचंय, तू पण बघ. तू पहिल्यांदा तो पांढरा डबा घेऊन आलीस तेव्हा मी आधी समजले की गोड आणलंय. मग तू दार लोटून मला हळूच सांगितलंस की त्यात काय पाहिजे. माझ्या कानातून वाफा निघाल्या. तुझ्या आजोबांबरोबर माझा एवढा मोठा संसार झाला, पण त्यांच्यासमोर 'परसाकडं जाते' हे शब्द मी तोंडातून काढले नाहीत. आमच्या वेळी बायका दिवस उगवायच्या आत तांब्या पदराखाली घेऊन जायच्या आणि वाटेत कुणी भेटलं तर दोघीही दुसरीकडं बघायच्या. आता घरात संडास झाला तरी मी आत जाताना आधी नळ सोडते. आणि माझी नात मला म्हणते की ते डब्यात दे, मी नांदेडला नेते. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि हातात तो डबा. कुठं बघावं ते कळेना.

तरी तू समजावून सांगितलंस. तुझं ते सांगणं मला लई आवडलं, खरं सांगते. तू म्हणालीस, आज्जी, माणसाच्या आतड्यात कोट्यानुकोट जीव राहतात, त्यातला एक ज्वारी-बाजरी खाणाऱ्यांच्या पोटात जास्त असतो. त्याचं नाव तू मराठीत लिहून दिलं होतंस, बघून लिहिते: प्रेव्होटेला. आपण भाकरी खातो, पण भाकरीतला जो कोंडा, जो चोथा आपल्याला पचत नाही, तो त्याचं अन्न. तो ते खातो आणि त्यातून जे आंबट निघतं त्यावर आपलं आतडं पोसलं जातं. मी म्हटलं, म्हणजे मी भाकरी थापते आणि पंगतीला तो पण बसतो. तू म्हणालीस, हाव, बिनबोलावता. शहरात जे मैदा आणि तूप-तेल जास्त खातात त्यांच्यात तो कमी होत जातो. मी विचारलं की तो चांगला का वाईट. तू म्हणालीस, त्याचं अजून पक्कं ठरलेलं नाही, त्याच्यात घराण्यागणिक गुण वेगळे, काही जणांच्या सांधेदुखीशी पण त्याचं नाव जोडतात. तेव्हापासून गुडघा दुखला की मी त्यालाच बोलते. निदान बोलायला कुणीतरी झालं.

आणि मग मी जो घोळ घातला तो तुला माहीतच आहे, पण परत लिहिते, कारण त्यावर आपण दोघी जेवढं हसलो तेवढं नंतर कशावर हसलो नाही. तू डबा पिशवीत घातलास, पिशवीत ती हवा खाणारी पुडी टाकलीस, तोंड घट्ट बंद केलंस आणि आंघोळीला गेलीस. मी बघत बसले. म्हटलं, पोरीनं आत्ताच सांगितलं की आत जिवंत जीव आहे, आणि आता त्याला असा कोंडून चालली. नांदेड काय जवळ आहे का? तू लहानपणी काडेपेटीत सोनकिडा ठेवायचीस, तेव्हा मीच सुईनं भोकं पाडून द्यायचे. तसाच दाभण घेतला, पिशवीला आणि झाकणाला बारीक भोकं पाडली, वरून फडकं गुंडाळून दिलं. नांदेडला गेल्यावर तुझ्या त्या जीव वाढवायच्या थाळीत काही उगवलं नाही. तू फोन केलास, आज्जी, काही केलं होतंस का. मी मोठ्या खुशीत सांगितलं, हाव, वारा लागावा म्हणून भोकं पाडली. पलीकडं तू असं हसायला लागलीस की तुझा अप्पा दुकानातून उठून आला. तेव्हा तू सांगितलंस की या जिवाला वाराच सोसत नाही. आपण ज्या हवेवर जगतो ती त्याला विष. त्याला अंधार, ऊब आणि कोंडलेली जागाच पाहिजे. मी त्याचा जीव घुसमटेल म्हणून वारा दिला आणि वाऱ्यानंच तो मेला. दुसऱ्या खेपेला तू संडासाच्या दाराबाहेर सगळं सामान मांडून उभी राहिलीस आणि आतून मला काही होईना. मी म्हटलं, तू जरा लांब जा, आणि गाणं म्हण मोठ्यानं. तू म्हटलंस. बिचाऱ्या अप्पाला वाटलं पोरीला वेड लागलं.

त्या खेपेला मात्र उगवलं. आईचं आणि तुझंही तू बघितलंस आणि मग सांगायला खास गावी आलीस. माझ्या पोटातला जीव आणि तुझ्या पोटातला जीव एकाच घराण्याचा निघाला. आईचा वेगळा. तुझी आई पोळपाट ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, नऊ महिने पोटात मी वाढवली आणि हिच्या पोटात बिऱ्हाड सासूचं? आपण तिघी किती हसलो. मग तू सांगितलंस की तो जन्मतः येत नाही. दूध पिणाऱ्या लेकराच्या पोटात तो फारसा नसतोच, अन्न सुरू झालं की जवळच्या माणसांच्या तोंडाहातातून येतो आणि बस्तान बसवतो. तुझी आई तेव्हा वर्षभर दुखण्यानं अंथरुणाला होती. तू माझ्या मांडीवर, माझ्याच ताटात. भाकरी दुधात कुस्करून आधी मी चाखायची, जास्त गरम नाही ना, आणि मग त्याच बोटांनी तुला. ते मी कुणाला दाखवायला केलं नव्हतं. पण कुठंतरी त्याची नोंद झाली आणि ती एवढ्या वर्षांनी निघाली, याचं मला जे वाटलं ते मला लिहिता येत नाही. होस्टेलचं खाऊन आणि तापाच्या त्या गोळ्या घेऊन तुझ्या पोटात तो कमी झालाय, पण आहे, असं तू म्हणालीस. मी आईला म्हटलं, बघ, नांदेडला जाऊन पण टिकला.

आता लातूरचं. ते टाळून पत्र पुरं होत नाही.

तू बोलावलं नव्हतंस. अप्पाला कुणाकडून तरी कळलं की लातूरच्या कॉलेजात मंजूचं भाषण आहे. मी म्हटलं, मला घेऊन चल. नारिंगी रंगाचं नवं लुगडं नेसले, ते कसं दिसलं हे तुला नंतर विचारायचं होतं. आम्ही मागं बसलो. तू इंग्रजीत बोलत होतीस, मला एक अक्षर कळलं नाही, पण तुझा हात कसा फिरत होता ते बघत होते. पडद्यावर तीन गोल आले, दोन एका रंगाचे, एक वेगळा. मला कळलं. अप्पाला कोपर मारून म्हटलं, ती मी, ती मंजू, ती बाजूची तुझी बायको. मग चहाच्या वेळी बाहेर टेबलावर दुर्बीण ठेवली होती, पोरं एकेक करून डोळा लावून बघत होती. मी पण लावला. गुलाबी गुलाबी बारीक काड्या, लग्नात बडीशेपेत रंगीत गोळ्या असतात तशा, पण लांबट. किती देखणे. एवढ्या घाणीत राहून एवढे देखणे. शेजारी थाळी होती, त्यात लाल. एका पोरानं सांगितलं की मेंढीचं रक्त घालून त्यांना वाढवतात. मी हबकलेच. आपल्या घरात पिढ्यान्पिढ्या कांदा-लसणाच्या पुढं कुणी गेलं नाही, आणि आपल्या पोटातल्या जिवाला तू रक्त चारतेस. आणि तिथं माझं तोंड सुटलं. मंजू, मला तेव्हा शरम वाटायला पाहिजे होती, पण मला आनंदच लई झाला होता. मी त्या पोराला म्हटलं, हे माझं आहे. तो म्हणाला, काय? मी म्हटलं, हे आत वळवळून राहिलं ते माझ्या पोटचं आहे. मग डब्याचं सांगितलं, दाभणाचं सांगितलं, तू गाणं म्हटल्याचं सांगितलं. भोवती गोल जमला. सगळे हसत होते, मी समजत होते की माझ्यासोबत हसतात. आयुष्यभर जी गोष्ट नवऱ्याला सांगितली नाही ती मी चहाचा कप हातात धरून अनोळखी बाप्यांना सांगत होते.

तेवढ्यात तू आलीस, तुझ्यासोबत ते कोट घातलेले मोठे पाहुणे. त्यांनी विचारलं, या कोण? तू माझ्याकडं बघितलं नाहीस. म्हणालीस, "या आमच्या सॅम्पलच्या बाई. गावाकडून आल्यात."

मला जन्मात कधी तू 'या' म्हणाली नव्हतीस. पाहुण्यांनी हात जोडले, मी पण जोडले. अप्पा लांब होता, त्याला ऐकू गेलं नाही, आणि मी त्याला सांगितलंही नाही. जीपमध्ये त्यानं विचारलं, अव्वा, एवढी गप्प का. मी म्हटलं, दाढ दुखतेय.

घरी आल्यावर मी लई दिवस तुझ्या त्या बोलण्याचा विचार केला. शिल्पाला आडून विचारलं तर ती म्हणाली, ज्यांचं घेतलं त्यांचं नाव कुणाला सांगायचं नाही असा नियमच असतो. मला केवढं बरं वाटलं. मग रात्री आठवलं, नाव तर तुला कुणी विचारलंच नव्हतं. पण मंजू, मी तुझ्या जागी उभी राहून पण बघितलं. एवढं शिकून, इंग्रजीत बोलून तू उतरलीस, आणि बघतेस तर तुझी आज्जी पदर खोचून संडासाच्या गोष्टी सांगतेय आणि भोवती तुझ्या बरोबरीची पोरं दात काढतायत. मला पण लाज वाटली असती. तुझी माझ्यामुळं लाज गेली, माझी तुझ्यामुळं गेली, आणि दोघींनी ती आपापल्या घरी नेऊन झाकून ठेवली. म्हणूनच तू यंदा दिवाळीला येत नाही म्हणालीस, म्हणूनच फोनवर 'हं' म्हणतेस. आणि आता तो जीव मेला, तुझं काम अडलं, तरी माझ्याकडं मागायला तुझं तोंड होत नाही. सरांना सांगितलंस की म्हातारी तयार नाही. तयार नाही ती तू. मी कधीपासून तयार आहे. शिल्पा गेल्यापासून तर दसऱ्याच्या पुरणपोळीला पण मी शिवले नाही. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, बस. तुझी आई म्हणाली की अहो, सणाला एक पोळी खाल्ली तर तो काय घर सोडून जाणार आहे का. मी म्हटलं, न्हाई, आता धोका नको. गोळ्या कसल्याच चालू नाहीत. तो आत खुशाल आहे, मला कळतं.

तर हे पत्र कशासाठी ते आता लिहिते. शिल्पा उद्या लातूरहून निघते, अप्पा तिला एसटी स्टँडवर हे नेऊन देईल, म्हणजे तुझ्या हातात पडेल. डबा पाठवत नाही. रेणापूरहून लातूर, लातूरहून नांदेड, त्यात कुणी पिशवी उघडली की संपलं. त्याला वारा सोसत नाही, तर जिथं तो जिवंत राहतो तिथूनच त्याला आणते. सोमवारी मीच येते. अप्पा लातूरला नांदेडच्या गाडीत बसवून देईल, मला आता तिकीटही लागत नाही. शिल्पाच्या खोलीवर उतरेन, सकाळी तुझ्या लॅबला येईन, तू सांगशील तिथं जाईन आणि तुला दाराबाहेर गाणं म्हणायला लावणार नाही. कुणाशी काही बोलणार नाही. फक्त एक अडचण आहे. शिल्पा म्हणाली की तिथं फाटकावर शिपाई असतो, कुणाकडं आलात आणि त्यांच्या कोण लागता असं विचारल्याशिवाय आत सोडत नाही. मला दोन्ही उत्तरं देता येतात. सॅम्पलची बाई म्हणून सांगितलं तरी आत येईन, तुझं काम करीन आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन, मनात काही ठेवणार नाही. खोटं कशाला लिहू, ठेवीन. पण काम तुझं होईल. नाहीतर सोमवारी तूच फाटकाशी ये. तो विचारेल तेव्हा मी गप्प उभी राहीन. तूच सांग.

तुझीच,
आज्जी